कॉलेजात एक पेशंट, वॉर्डात बारा: नव्या स्टाफ नर्सला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी साताऱ्याकडची, बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं चांगल्या मार्कांनी पूर्ण केलेली. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात लागून तीन महिने झालेत. ती लिहिते: "ताई, कॉलेजात मी पहिल्या पाचात असायचे. इथे मला काहीच येत नाही असं वाटतं. बारा पेशंट अंगावर असतात. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सहाचं अँटिबायोटिक साडेसातला गेलं, तर इन-चार्जनी नातेवाइकांसमोर झापलं. रोज होस्टेलवर येऊन रडते. झोपेतसुद्धा पंपाचा अलार्म ऐकू येतो. मी या कामाच्या लायकीची नाही का? सोडून द्यावं का? आणि हे सोपं कधी होतं?"

तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून २००१ साली ड्युटीला लागले. जनरल वॉर्ड, आयसीयू, डायलिसिस, पुन्हा वॉर्ड असं फिरून आता इन-चार्ज आहे, आणि नव्या लागलेल्या मुलामुलींचे पहिले तीन महिने माझ्याकडे असतात. तुझा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा लिननच्या खोलीत, दार लावून घेऊन.

आधी अलार्मचं. तो सगळ्यांना ऐकू येतो. माझ्या पहिल्या वॉर्डात इन्फ्युजन पंप नव्हते, तर मला झोपेत "सिस्टर, सलाईन संपलं" असं ऐकू यायचं आणि मी ताडकन उठून बसायचे. रूममेट कूस बदलून म्हणायची, झोप गं, इथे कुणाला सलाईन लावलेलं नाही.

या सगळ्याला नावसुद्धा आहे. मार्लिन क्रेमर या अमेरिकन नर्स-संशोधकाने १९७४ मध्येच याला 'रिॲलिटी शॉक' म्हटलं. तिने सांगितलेला क्रम असा की आधी हनिमून, मग धक्का, मग सावरणं आणि शेवटी मेळ बसणं. हनिमून म्हणजे नवा युनिफॉर्म, पहिला पगार, आईला साडी. तो तुझा आटोपला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बरोबरची सीनियर काढून घेतात, रोस्टरवर तुझं नाव पूर्ण स्टाफ म्हणून लागतं आणि त्याच आठवड्यात धक्का बसतो. तू वेळापत्रकाप्रमाणेच चालली आहेस.

आता मूळ दुखणं. कॉलेजात तुला शिकवलं ते चुकीचं नव्हतं, पण ते एका पेशंटचं होतं. एक पेशंट घ्यायचा, त्याची हिस्ट्री, नर्सिंग डायग्नोसिस, केअर प्लॅन, वीस पानांची फाईल, मार्जिनला रंगीत पेनाच्या रेघा. आठ दिवस त्या एका माणसाभोवती फिरायचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात जनरल वॉर्डसाठी शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचांमागे एक, हेही तू परीक्षेत लिहून आलीस. आणि वॉर्डात तुझ्या हातात बारा नावांचा कागद दिला. म्हणजे तुला नर्सिंग येत नाही असं नाही. बारा जणांचं काम कोणत्या क्रमाने करायचं, हे तुला कुणी शिकवलेलंच नाही. ते कॉलेजात शिकवताही येत नाही म्हणा, कारण तिथे चुकलं तर जर्नल परत लिहायला लावतात, एवढंच.

एक संध्याकाळ घेऊ. सहा वाजलेत. बेड ३ चं अँटिबायोटिक द्यायचंय. बेड ५ ला उलटी होतेय. बेड ७ ची सून दारात येऊन ओरडतेय, सलाईन संपलं, आता हवा जाईल. बेड ९ साठी नवी अ‍ॅडमिशन स्ट्रेचरवर लिफ्टमधून बाहेर आलीय. बेड ११ चा डिस्चार्ज आहे, टीपीएचा, म्हणजे विम्याच्या कामाचा, माणूस फाईल मागतोय. आणि लॅबचा फोन: बेड ८ चं पोटॅशियम ६.९, म्हणजे फारच वाढलेलं.

नवी मुलगी काय करते? जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे धावते. म्हणजे बेड ७. मी काय करते ते सांगते. फोनवरचा आकडा लिहून घेते, परत वाचून दाखवते, आणि थेट बेड ८ ला जाते. माणूस बघते, मॉनिटर लावते, ईसीजीचं मशीन मागवते आणि तिथूनच आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, फोन करते. तो आकडा नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्यामुळे खोटाही असू शकतो, पण ते ठरवणं माझं काम नाही. हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात असं धरूनच मी चालते. जाताजाता मावशींना हाक मारते, "मावशी, पाचला कुशीवर करा आणि किडनी ट्रे धरा." बेड ७ वाटेतच आहे, तिथे नळीवरचा रोलर बंद करायला पाच सेकंद लागतात. बाटली रिकामी झाली म्हणून लगेच हवा आत जात नाही. फार तर नळीत रक्त मागे येतं आणि इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, ब्लॉक होते. स्ट्रेचरवरच्या माणसाचा चेहरा, श्वास आणि रंग मी चालता चालता बघून घेते. बोलतोय, म्हणजे पाच मिनिटं थांबू शकतो. मग अँटिबायोटिक. टीपीएवाला सगळ्यांत शेवटी, तो कितीही तोंड वाकडं करो.

मनात प्रश्न एकच ठेवायचा: हे दहा मिनिटं थांबलं तर कुणाचं काय बिघडेल? अँटिबायोटिकलाही हाच नियम. चालू कोर्समधला चौथा डोस वीस मिनिटं पुढेमागे झाला तर आभाळ कोसळत नाही. पण सेप्सिसने शॉकमध्ये गेलेल्या माणसाचा पहिला डोस तासाभरात आत गेलाच पाहिजे. औषध तेच, वेळेची किंमत वेगळी.

तुझा डोस मात्र दीड तास उशिरा गेला. तो उशीर चूकच, त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण मला वेगळं विचारायचंय. सव्वासहाला तुला कळलं होतं ना, की आता हे वेळेत होत नाही? तेव्हा तू कुणाला सांगितलंस? बाजूच्या सिस्टरला "माझ्या त्या पेशंटचा डोस लावतेस का, मी अ‍ॅडमिशनमध्ये अडकलेय" असं म्हणालीस का? पैज लावते, नाही म्हणालीस. हुशार मुली म्हणत नाहीत. कॉलेजात ज्या पहिल्या पाचात असतात त्यांनाच हे जास्त जड जातं, कारण मदत मागितली की आपल्याला येत नाही हे उघड होईल असं त्यांना वाटतं. मधल्या नंबरच्या मुली सरळ विचारतात आणि तरतात.

हाताला वेग येतो. इंट्राकॅथ पन्नास लावलेस की एक्कावन्नावा अंधारातही लागेल. तोंड उघडायची सवय मात्र अशी आपोआप लागत नाही, आणि पेशंटला धोका होतो तो बहुतेक वेळा तिथेच. पहिल्या वर्षी मी मुलींकडून हाताच्या कामापेक्षा हे तोंडाचं काम जास्त करून घेते.

याचा धडा मला कसा मिळाला तेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की ही बाई जन्मतःच इन-चार्ज आहे. २००२ साल, नाईट ड्युटी. एका आजोबांचं रात्रीच्या जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं राहिलं होतं, १२ युनिट. वॉर्डातली बाटली संपलेली. त्यांचा मुलगा दुबईला होता, त्याने तिकडून आणलेली बाटली आजींनी पिशवीतून काढून दिली. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. तिच्यासाठीच्या सिरिंजला लाल टोपी. दुसरी ताकद मिलिलिटरला १०० युनिटची, तिच्या सिरिंजला केशरी टोपी. बाटली होती १०० ची, आणि मी सवयीने लाल टोपी उघडून १२ च्या रेघेपर्यंत भरलं. लाल टोपीच्या सिरिंजवर १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिलिलिटर. १०० च्या बाटलीतले ०.३ मिलिलिटर म्हणजे ३० युनिट. अडीचपट.

साडेदहाला आजोबांना दरदरून घाम फुटला, बोलणं बरळल्यासारखं. एचजीटी, म्हणजे बोटाच्या थेंबावरची साखर, ४१. आरएमओ आले, २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, पाच मिनिटांत आजोबांनी डोळे उघडून चहा मागितला. सगळे म्हणाले, जेवण कमी झालं असेल. मी ट्रे आवरायला गेले आणि ट्रेमध्ये ती बाटली आणि लाल टोपी शेजारी शेजारी दिसली. पायातलं बळच गेलं. कुणालाही कळलं नव्हतं, विषय मिटला होता. पाच मिनिटं मी डर्टी युटिलिटीत, म्हणजे वापरलेलं सामान धुवायच्या खोलीत, नळ सोडून उभी राहिले. मग जाऊन आरएमओंना सांगितलं.

ते आधी चिडले, मग घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, रात्रभर दर तासाला एचजीटी आणि डेक्स्ट्रोजची ड्रिप चालू ठेवा. कारण इन्सुलिनचा असर काही तास राहतो, एका डेक्स्ट्रोजने ३० युनिट संपत नाहीत. साडेबाराला साखर परत ५८ वर आली. मी गप्प बसले असते तर त्या वेळी आजोबा शांत झोपलेत असं समजून आम्ही लाईट मालवून बसलो असतो. सकाळी इन-चार्ज सिस्टरांनी मला सगळं लिहून द्यायला लावलं, भरपूर बोलल्या, आणि त्या दिवसापासून वॉर्डात नियम झाला की इन्सुलिन भरलं की सिरिंज आणि बाटली दोन्ही दुसऱ्या सिस्टरला दाखवायची. माझ्या वॉर्डात तो नियम आजही आहे, आणि रात्री तीनला माझ्याकडे कुणी सिरिंज घेऊन आलं तर मी टोपीचा रंग मोठ्याने बोलते.

असंच डोळ्यांत तेल घालून वागायचं ते पोटॅशियम क्लोराईडच्या अँप्यूलशी. १० मिलिलिटरच्या त्या छोट्याशा अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या भावासारखं. ते कधीही, कुणीही सांगितलं तरी, थेट शिरेत पुश करायचं नाही. सलाईनमध्ये पातळ करून, बाटली नीट हलवून, सावकाश. तुमच्या वॉर्डात ते इतर अँप्यूलच्या खणात ठेवत असतील तर उद्या जाऊन इन-चार्जना सांग, वेगळं ठेवा. नवी आहेस म्हणून हे सांगायला बंदी नाही.

आता क्रम लक्षात कसा ठेवायचा. डोक्यात ठेवायचा नाही, कागदावर. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंट समजून घेताना, माझ्याकडे एक ए-फोर कागद असतो, चार घड्या घातलेला. डाव्या कडेला बेड नंबर, वर ड्युटीचे तास. ईव्हिनिंगला दोन, चार, सहा, आठ असे रकाने. बेड ३ समोर सहाच्या रकान्यात 'अँटिबा', आठच्या रकान्यात 'एचजीटी, इन्सु'. दिलं की तिरकी रेघ मारायची, अडकलं की गोल करायचा. सहाच्या रकान्यात दोनपेक्षा जास्त गोल दिसले की मदत मागायची वेळ झाली, मग त्यात लाजबीज काही नाही. नाव कधी लिहू नकोस, फक्त बेड नंबर, आणि ड्युटी संपली की कागद फाडून टाकायचा. माझ्याकडे एक मुलगी होती, ती हे सगळं तळहातावर पेनाने लिहायची. हात धुतले की अर्धी ड्युटी पुसली जायची.

सलाईनच्या हाका कमी करायच्या असतील तर बाटलीवर चिकटपट्टी लाव आणि त्यावर सुरू केल्याची आणि संपण्याची वेळ लिही. ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचं असेल आणि नळीचा सेट मिलिलिटरला २० थेंबांचा असेल, तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण २१. दर पेशंटला एवढा हिशोब करत बसू नकोस. १२५ मिलिलिटर तासाला म्हणजे ४२ थेंब, त्याच्या निम्मं २१, एवढं पाठ केलंस तरी पुष्कळ. सेटच्या पाकिटावर २० लिहिलंय की १५ ते मात्र वाचायचं. आणि नातेवाइकांना सांगून ठेवायचं, "हे रात्री दहाला संपेल, पावणेदहाला मी येते." मग पावणेदहाला खरंच जायचं. एकदा गेलीस की पुढचे दोन दिवस ते घर तुला हाक मारणार नाही. नातेवाईक आरडाओरडा करतात त्याच्या मुळाशी पुष्कळदा भीतीच असते, आणि आपण कधी येणार हे त्यांना माहीत नसतं.

डॉक्टरांना रात्री फोन करायची भीती ही दुसरी मोठी गोष्ट. रात्री दोनला झोपलेल्या रजिस्ट्रारना उठवायचं म्हणजे पोटात गोळा येतो, मान्य. पण बहुतेक वेळा ते चिडतात, कारण आपण म्हणतो, "सर, चौदा नंबरचा पेशंट कसातरीच करतोय." कसातरी म्हणजे काय? फोन उचलायच्या आधी व्हायटल्स (नाडी, श्वास, बीपी, सॅच्युरेशन) घे, फाईल समोर ठेव, आणि असं बोल:

"सर, मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड १४, वय ५८, काल न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट. तासापूर्वी रेस्पिरेशन २४ होतं, आता ३२. सॅच्युरेशन चार लिटर ऑक्सिजनवर ८८, मघाशी ९५ होतं. बीपी ९० बाय ६०. मला पेशंट बिघडतोय असं वाटतंय. तुम्ही येऊन बघा. तोवर ऑक्सिजन किती वाढवू?"

वीस-पंचवीस सेकंदांत होतं. यालाच तुला कॉलेजात एसबीएआर (परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, काय हवंय) म्हणून शिकवलंय, फक्त तेव्हा ते पाच मार्कांची टीप होती. "मला वाटतंय" म्हणायला घाबरू नकोस. आणि फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घे, परत वाचून दाखव, वेळ टाक, सकाळी सही घे. ते आलेच नाहीत तर पंधरा मिनिटांनी परत फोन, तरी नाही तर त्यांच्या वरच्यांना आणि नाईट सुपरवायझरना. हे सगळं नर्सेस नोट्समध्ये वेळेसकट लिहायचं. कुणाची तक्रार म्हणून लिहायचं नाही, पण लिहिलेलं नसेल तर उद्या तू फोन केला होतास हे तुझी आईही सिद्ध करू शकणार नाही.

वर मी रेस्पिरेशन मुद्दाम आधी सांगितलं. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघड, सगळ्यांचं रेस्पिरेशन २०. गंमतच आहे, बारा माणसं एका तालात श्वास घेतात! ते कुणी मोजलेलं नसतं. खरं तर पेशंट बिघडायला लागला की बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. नाडी धरल्यासारखं करून छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोज. तुझ्या तीन महिन्यांत हे एक काम तू वॉर्डातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं करू शकतेस, त्याला अनुभव लागत नाही.

मावशी आणि मामा यांच्याशी वाकड्यात शिरू नकोस. पदवी तुझी मोठी, वॉर्ड त्यांचा जुना. एकदा एक मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, सहा नंबरच्या आजी आज पाणी डाव्या बाजूने सांडतायत." आम्ही सकाळपासून चार जणी त्या बेडला जाऊन आलो होतो. स्ट्रोक होता. काम सांगताना "जरा" आणि "मावशी" हे दोन शब्द वापरलेस तर दर दोन तासांनी पेशंट कुशीवर करायला बोलवावं लागणार नाही, त्या आपणहून येतील. कूस बदलणं, पाठ बघणं ही खालची कामं आहेत असं नव्या बी.एस्सी.वाल्यांना कधी कधी वाटतं. मुंबईच्या केईएमच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबागला ४२ वर्षं सांभाळलं, आणि तिला बेडसोर नाहीत याची नोंद सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालात आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुली बदलल्या, रोस्टर बदलले, कूस बदलायची वेळ चुकली नाही. आपल्या धंद्यातलं याहून अवघड काम मला माहीत नाही.

नाईटबद्दल फार लिहीत नाही, ज्याचं त्याला गवसतं. एवढंच की ड्युटीला जायच्या आधी दुपारी दीड-दोन तास झोपच, मध्यरात्री भाजी-भाकरीसारखं हलकं खा, आणि तीन ते पाच या वेळात स्वतःवर विश्वास ठेवू नकोस. त्या वेळात भरलेलं कुठलंही धोक्याचं औषध दुसरीला दाखव. सहाचे ब्लड सॅम्पल पाचलाच काढायला घेतलेस तर सातला ओव्हर लिहिताना हात कापणार नाहीत. नळीवर लेबल बेडशेजारीच चिकटव, टेबलावर येऊन नाही.

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण येणार आहे, कदाचित येऊनही गेली असेल. पहिला मृत्यू. माझ्या ड्युटीत गेलेली पहिली बाई पस्तिशीतली होती, पहाटे चारला गेली. सीपीआर झाला, डॉक्टरांनी वेळ सांगितली, नातेवाइकांना आत घेतलं. मग सीनियर सिस्टरने मला सगळं करायला शिकवलं: नळ्या काढायच्या, तोंड पुसायचं, हातपाय सरळ करायचे, लेबल बांधायचं, दागिन्यांची यादी दोघांसमोर करून सही घ्यायची. हिरव्या बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र. नवऱ्याने मंगळसूत्र रुमालात बांधलं, रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला म्हणाला, "सिस्टर, तिचा टिफिन कुठे ठेवलाय?" मी टिफिन शोधून दिला. आणि लगेच शेजारच्या बेडवरच्या आजींनी विचारलं, "सिस्टर, माझी पोट साफ व्हायची गोळी?" ती गोळीही दिली.

हे कॉलेजात कुणी शिकवत नाही, की दहा मिनिटांत पडद्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला यायचं असतं. त्या वेळी रडू आलं तर युटिलिटीत जाऊन रडून ये, तोंड धू आणि ये. कुणी हसणार नाही. ड्युटी संपल्यावर जी तुझ्याबरोबर होती तिच्याशी त्या पेशंटबद्दल बोल, फक्त फोनवर कुणाला नावगाव सांगू नकोस.

आता इन-चार्जचं. नातेवाइकांसमोर झापणं ही त्यांची चूक, त्यात माझी साथ तुला. पण ते जाऊन त्यांना एकटीला भेटून बोलायचं असतं. दुपारी राऊंड झाल्यावर, त्या चहा घेत असतील तेव्हा: "सिस्टर, त्या दिवशी माझं चुकलं, मी वेळेत सांगितलं नाही. पुढे सांगेन. पण पेशंटसमोर बोललात तर नंतर ते माझ्या हातचं इंजेक्शन घ्यायला घाबरतात." बहुतेक इन-चार्ज हे ऐकतात, कारण दुसरा भाग त्यांच्या वॉर्डाच्याही फायद्याचा आहे. एखादी नाहीच ऐकणार. मग सुपरवायझर.

सोडायचं का? नाईटच्या आठवड्यात राजीनामा लिहू नकोस, एवढं आधी ऐक. झोप झाल्यावर विचार कर. बोलणी खाल्ली, चुका झाल्या, हात हळू चालतो, ही सोडायची कारणं नाहीत. ती पुढच्या रुग्णालयातही तुझ्याबरोबर येतील. पण रात्री वॉर्डात एकही अनुभवी सिस्टर नसते आणि तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीवर सगळं सोडतात, न दिलेल्या औषधापुढे सही करायला लावतात, ओरिजिनल सर्टिफिकेट बाँडच्या नावाखाली ठेवून घेतलेत, पगार दोन-दोन महिने अडकतो, असं असेल तर सरळ दुसरीकडे बघ. ओरिजिनल कधीच कुणाला देऊ नयेत, दाखवून परत आणायची. पगाराबद्दल एक माहीत असू दे: खासगी रुग्णालयातल्या नर्सेसच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं, आणि त्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपयांची शिफारस केली. शिफारसच ती, पण बोलणी करताना आकडा तोंडात असलेला बरा. पेशंटच्या माणसाने हात उगारला तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा डॉक्टरांसारखाच नर्सलाही लागू आहे. "जाऊ दे" म्हणून मिटवायचं नाही, इन्सिडंट लिहायचाच.

रोज रडण्याबद्दल. ड्युटीवरून आल्यावर रडू येणं आणि सुट्टीच्या दिवशीही, जेवण तुटून, झोप उडून, नको ते विचार येऊन रडू येणं यात फरक आहे. दुसरं असेल तर तुझ्याच रुग्णालयातल्या किंवा बाहेरच्या डॉक्टरांना दाखव, किंवा टेलि-मानसला १४४१६ वर फोन कर. फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

सोपं कधी होतं? हात साधारण सहा महिन्यांत बसतात, डोकं वर्ष-दीड वर्षाने. माझं मोजमाप वेगळं आहे. नवी मुलगी ओव्हर घेताना फाईलकडे बघत असते. एक दिवस ती फाईल बंद ठेवून आधी पेशंटकडे बघायला लागते. तुझ्या वॉर्डात ज्या सीनियर असं करतात त्यांच्या मागे मागे फिर.

जाता जाता एक, आणि हे आजच कर. हिपॅटायटिस बी च्या लशीचं कार्ड शोध. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात. कॉलेजात दोन होतात आणि तिसरा पुष्कळ मुलींचा परीक्षेच्या धांदलीत राहून जातो. राहिला असेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा, आणि मग महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी करून घ्यायची. आकडा १० किंवा वर हवा. सुई टोचलीच तर पिळत बसू नकोस, वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि लगेच कॅज्युअल्टीला जा. एचआयव्हीसाठीची औषधं दोन तासांच्या आत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सुईला परत टोपी लावायची नाही, सरळ पांढऱ्या डब्यात. कार्ड सापडलं नाही तर गावी फोन कर, आईने नक्की कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेलं असणार.